मुंबईतले इंजिनीअर दिवसभर करतात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या लालबागच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. मी सिव्हिल इंजिनीअर आहे. जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हे माझं पंचवीस वर्षांचं काम. येणारे विचारतात, "ताई, सध्या कुठल्या ब्रँचला स्कोप आहे?" मी उलट विचारते, "त्या ब्रँचचा माणूस सकाळी कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत काय करतो, ते कधी बघितलंय?" बहुतेकांनी बघितलेलं नसतं. स्कोप दर चार-पाच वर्षांनी बदलतो. दिवस कसा जाणार हे मात्र फारसं बदलत नाही, आणि मुलाला तो दिवस पुढची तीस-पस्तीस वर्षं जगायचा असतो. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. पाणी, रेल्वे आणि इमारती यांवर जास्त लिहिलं आहे, कारण मुंबईकराचा त्यांच्याशी रोजचा संबंध येतो.

फिटर, सुपरवायझर आणि इंजिनीअर यांच्यात फरक काय?

सोसायटीचा पंप आवाज करायला लागला, असं समजा. फिटर येऊन बेअरिंग बदलेल. पंप बंद असताना टाकीत पाणी किती आहे, टँकर कधी मागवायचा, हे सुपरवायझर बघेल. इंजिनीअरने विचारायचं ते असं: सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बेअरिंग का गेलं? मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत का? खालचे बोल्ट ढिले झालेत का? खालच्या टाकीतून पंपाला पुरेसं पाणीच मिळत नाही का? मोजायचं, कारण शोधायचं, काय करायचं ते ठरवायचं आणि त्या निर्णयाखाली सही करायची.

जुन्याजाणत्या फिटरला यातली निम्मी उत्तरं आधीच माहीत असतात. त्याच्याशी बोलायची लाज वाटणारा इंजिनीअर पुढे जात नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे.

नळाला पाणी येतं, त्यात इंजिनीअरचं रोजचं काम काय असतं?

मुंबईला सात जलाशयांमधून पाणी येतं. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा दूर डोंगरांत. तानसा १८९२ सालचा, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुना आणि अजून सेवेत. मोडक सागराला महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांचं नाव आहे. इंजिनीअरच्या नावाचं पाणी आपण रोज पितो, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

शहराला दिवसाला ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी लागतं. ते भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं, शहरभरच्या सेवा जलाशयांत साठतं (मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखालीही असाच एक जलाशय आहे) आणि तिथून ठरलेल्या वेळी आपल्या गल्लीत येतं. सगळीकडे एकाच वेळी सोडलं तर दाब कुणालाच पुरणार नाही. म्हणून विभाग पाडलेले आहेत, आणि चावीवाले पाळीपाळीने रस्त्यातल्या झडपा फिरवत असतात. कुठली झडप किती फेरे उघडायची आणि किती वेळ, हे ठरवणं जल अभियंता खात्याच्या इंजिनीअरचं काम.

वॉर्ड ऑफिसमधल्या पाणी खात्याच्या इंजिनीअरची सकाळ तक्रारींनीच उजाडते. "तिसऱ्या मजल्यावर चढत नाही", "गढूळ येतंय", "वास येतोय". वासाची तक्रार सगळ्यांत तातडीची. जुन्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारून जाते. पुरवठा बंद असताना पाण्याच्या वाहिनीत दाब नसतो आणि बाहेरची घाण बारीक छिद्रातून आत ओढली जाते. मग पहिल्या दहा मिनिटांचं पाणी खराब येतं. इंजिनीअर जागेवर जातो, नमुना घेतो, त्यात क्लोरीन उरलाय का बघतो. उरला नसेल तर वाटेत काहीतरी शिरलंय हे कळतं, आणि मग एकेक जोडणी बंद करत खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवायचं. गळती शोधायलाही पुरवठ्याच्या वेळेतच, बरेचदा अपरात्री, वाहिनीवर लोखंडी दांडा टेकवून त्याला कान लावतात. गळणाऱ्या पाण्याचा आवाज एकदा ओळखता आला की विसरत नाही.

तलावांच्या हिशोबाची तारीख १ ऑक्टोबर. त्या दिवशी सातही तलावांत मिळून सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठा असेल तर पुढच्या पावसापर्यंत कपात करावी लागत नाही. जून-जुलैत बातम्यांत तलावांची टक्केवारी येते ती याच हिशोबातली.

दर पावसाळ्यात पाणी तुंबतंच. मग ड्रेनेजचे इंजिनीअर करतात काय?

राग मला समजतो, आमच्या परळ-हिंदमातेला आम्हीही गुडघाभर पाण्यातून चाललो आहोत. पण आधी शहराची रचना समजून घ्या. मुंबईचे बरेच सखल भाग भराव टाकून तयार झालेले आहेत, आणि भरतीची पातळी काही ठिकाणी नाल्याच्या तोंडापेक्षा वर जाते. भरती साडेचार मीटरच्या वर असताना जोराचा पाऊस आला की नाल्यातलं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. उलट समुद्राचं पाणी आत येऊ पाहतं, म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. दरवाजे बंद असताना पाणी बाहेर काढायचं तर पंप हवेत.

जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तासाला ५० मिलिमीटर हे नवं लक्ष्य आलं. हाजी अली, इर्ला, वरळीचं लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, रे रोडचं ब्रिटानिया, सांताक्रूझचं गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली.

या पंपिंग स्टेशनवरच्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअरचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असतं. ऑक्टोबर ते मे पंप खोलणं, तपासणं, सुटे भाग बदलणं, जाळ्या दुरुस्त करणं. जून ते सप्टेंबर भरतीचं वेळापत्रक समोर ठेवून पाळ्या लावणं. पंप ऐन वेळी बंद पडतो तो बहुतेकदा कचऱ्याने. प्लास्टिक, थर्माकोल, गाद्या, लाकडं जाळीवर येऊन बसतात आणि मुसळधार पावसात ती काढत राहावी लागतात. हे काम मला फार मोठं वाटतं. ते पार पडलेलं कुणाला दिसत नाही, चुकलं की सगळ्या शहराला दिसतं.

रविवारी मेगाब्लॉक का घेतात? रेल्वेचे इंजिनीअर रात्री काम करू शकत नाहीत का?

करतात, दररोज करतात. पण रात्रीची शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंत जेमतेम दोन-तीन तास मिळतात. ओव्हरहेड वायरवर काम करायचं तर आधी वीज बंद करून घ्यायची, ती बंद झाल्याची लेखी खात्री घ्यायची, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावायचे आणि मगच टॉवर वॅगनवर, म्हणजे वायरपर्यंत पोचवणाऱ्या मचाणाच्या गाडीवर, चढायचं. काम संपल्यावर हे सगळं उलट क्रमाने. त्या वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, तिथे एकही पायरी गाळता येत नाही. उरलेल्या वेळात पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) बदलणं किंवा रूळ बदलणं होत नाही, म्हणून रविवार.

रेल्वेत "इंजिनीअर" म्हणजे एकच माणूस नसतो. रूळ, खडी आणि पूल पर्मनंट वेच्या सिव्हिलवाल्यांकडे. वायर आणि सबस्टेशन ट्रॅक्शनच्या इलेक्ट्रिकलवाल्यांकडे. सिग्नल आणि पॉइंट मशीन सिग्नल-टेलिकॉमकडे, आणि गाडीचे डबे, मोटर, ब्रेक कारशेडकडे. गाडी वीस मिनिटं थांबली की चारही खात्यांचे फोन खणखणतात. पर्मनंट वेचा सेक्शन इंजिनीअर ट्रॉलीवरून आणि पायी आपला भाग तपासतो. त्याचा कीमन तर दररोज सबंध भाग चालून रूळ जागेवर धरून ठेवणारी एकेक चावी ठोकत जातो. थंडीच्या पहाटे रूळ आकसतो, ताण वाढतो आणि तडा जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गस्त वाढवतात.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. नंतर टप्प्याटप्प्याने सगळं उपनगरी जाळं २५,००० व्होल्ट एसीवर आणलं. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच ताकदीसाठी करंट कमी लागतो, वायर तापून वाया जाणारी वीज कमी होते आणि सबस्टेशनंही कमी पुरतात. हे रूपांतर लोकल चालू ठेवून केलं. माझ्या मते मुंबईतल्या इंजिनीअरांच्या कामांत हे सागरी सेतूच्या तोडीचं आहे, फक्त त्याच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही.

वीज कंपनीतल्या इंजिनीअरचं काम काय असतं?

शहराच्या बऱ्याच भागात केबल जमिनीखाली आहेत. पावसात जोडात पाणी शिरलं की केबल उडते, आणि ती नेमकी कुठे उडाली ते वरून दिसत नाही. मोजयंत्राने अंदाजे अंतर काढतात, मग केबलमध्ये उच्च दाबाचे झटके सोडतात आणि रस्त्यावरून चालत जमिनीखालचा "धप्प" आवाज ऐकतात. आवाज सगळ्यांत मोठा तिथे खड्डा. वाहतूक, पाऊस आणि अंधारात उभे वैतागलेले लोक यांच्यामधे हे करायचं.

दुसरं टोक म्हणजे नियंत्रण कक्ष. १२ ऑक्टोबर २०२० ला जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली होती आणि लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. बाहेरच्या जाळ्यात बिघाड झाला तर शहराने त्यापासून स्वतःला तोडून आपल्या वीजकेंद्रांवर चालू राहायचं, अशी रचना मुंबईसाठी आहे. त्या दिवशी तिने शहर वाचवलं नाही. असे दिवस पुन्हा येऊ नयेत म्हणून आकडेमोड करत बसणारे इंजिनीअर वेगळे. शांत डोक्याच्या मुलाला हे काम आवडेल.

आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलंय. इंजिनीअर येऊन नुसतं ठोकून बघतो आणि पैसे घेतो, असं का?

हा प्रश्न थेट माझ्या पोटापाण्याचा, त्यामुळे थोडं सविस्तर.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घ्यावी लागते. ठोकून बघणं ही पहिली पायरी. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. त्यानंतर यंत्रं येतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कडकपणा कळतो, ध्वनिलहरी सोडून आत भेगा-पोकळ्या आहेत का ते कळतं, आणि शंका असेल तिथे गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. मला सगळ्यांत आवडते ती साधी चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिन शिंपडायचं. जिथे काँक्रीट अजून सळईला जपतंय तिथे गडद गुलाबी रंग येतो. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा गुण गेलाय तिथे रंग येतच नाही. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईला गंज धरायची वाट मोकळी झालेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वर आपल्या मुंबईची खारट हवा आणि संडास-मोरीची वर्षानुवर्षांची गळती.

म्हणून छताचा पोपडा पडला की "वरून प्लास्टर मारून घ्या" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पोपडा हे लक्षण आहे, आजार सळईत आहे. गंजलेली सळई साफ न करता वर प्लास्टर चढवलं तर आजार झाकला जातो आणि वजनही वाढतं.

अहवालात इमारतीला श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहात असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ लिहिताना हात जड होतो. समोर तीन पिढ्या तिथे राहिलेले लोक असतात, आणि बाहेर पडल्यावर परत कधी येणार याची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर असते. पण सी-१ असेल तर सी-१ लिहायचंच. ऑडिटरला विचारा: किती ठिकाणी चाचण्या घेतल्या, बंद घरांत आणि गच्चीवर गेलात का, फोटो आणि आकडे अहवालात आहेत का. चांगल्या इंजिनीअरला हे प्रश्न आवडतात.

चूक झाली तर इंजिनीअरवर काय येतं?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका साइटवर माझी चूक झाली होती. स्लॅब भरताना मिक्सर गाडी वाहतुकीत अडकून उशिरा आली, माल घट्ट झाला होता. कुणीतरी त्यात पाणी घातलं, माल सरकन वाहू लागला. मी दुसऱ्या टोकाला होते, ते बघितलं नाही, आणि संध्याकाळी रजिस्टरवर सही केली. पाणी जास्त झालं की काँक्रीटची ताकद घटते. २८ दिवसांनी क्यूब (त्याच मालाचे चाचणीसाठी भरून ठेवलेले ठोकळे) फोडले तेव्हा आकडे कमी आले. माझ्या वरिष्ठांनी वरचं काम थांबवलं, स्लॅबमधून तुकडे काढून तपासले आणि कमकुवत भाग तोडून पुन्हा भरायला लावला. ते मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझी सही म्हणजे तू बघितलं होतंस, असा त्याचा अर्थ होतो." त्या दिवसापासून मी न बघितलेल्या गोष्टीवर सही करत नाही. कायदेशीर कारवाई, परवाना जाणं हे सगळं आहेच. पण कामाच्या पहिल्या आठवड्यातच कळायला हवं ते हे.

मेकॅनिकल आता जुनं झालं का?

मुळीच नाही. लिफ्ट, वातानुकूलन, अग्निशमनाचे पंप, मेट्रोच्या भुयारातली हवा खेळवणारे पंखे, कारखान्यातले रोबोट: जिथे काही हलतं, तापतं किंवा थंड होतं तिथे मेकॅनिकल आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पंखे बंद करून चालवताच येणार नाही.

केमिकल इंजिनीअर प्रयोगशाळेत काम करतो ना?

ते केमिस्ट. केमिकल इंजिनीअरचा दिवस माहुल-तुर्भ्यासारख्या ठिकाणी कंट्रोल रूमच्या पडद्यांसमोर आणि प्लँटच्या फेरीत जातो. तापमान, दाब, प्रवाह. आठ तासांची पाळी, पाळी बदलताना लॉगबुक, आणि वेल्डिंगची एक ठिणगी पडण्याआधी गॅस तपासून दिलेलं परमिट. माटुंग्याची आयसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था १९३३ पासून हे शिकवते आहे. शिफ्ट झेपेल का, हे आधी स्वतःला विचारा.

समुद्रावरच्या नोकऱ्या खऱ्याच चांगल्या असतात का?

पगार चांगला, घर लांब. जहाजावरच्या मरीन इंजिनीअरची पाळी पारंपरिक पद्धतीने चार तास काम, आठ तास विश्रांती अशी चालते, तीही तापलेल्या आणि कानठळ्या बसवणाऱ्या इंजिन रूममध्ये. परीक्षा देत देत फोर्थ इंजिनीअरपासून चीफपर्यंत चढायचं. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर (तेल तिथे १९७४ मध्ये सापडलं) हेलिकॉप्टरने जायचं, सलग दोन आठवडे काम आणि दोन आठवडे सुट्टी. ज्यांना माणसांची आणि सणावारांची ओढ आहे त्यांनी नीट विचार करावा.

सॉफ्टवेअर इंजिनीअर हा खरा इंजिनीअर का?

हो. भाजीवालीच्या गाडीवर आपण मोबाइलने पैसे देतो, ती यूपीआय यंत्रणा २०१६ पासून चालते आणि ती चालवणारी संस्था मुंबईतच आहे. पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोचले नाहीत, असं मधेच तुटलं तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवणं आणि रात्री दोन वाजता अलार्म आला की उठून दुरुस्त करणं, यात माझ्या क्यूब टेस्टइतकीच जबाबदारी आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका: दिवसाचा मोठा भाग नवा कोड लिहिण्यात जात नाही. दुसऱ्याने लिहिलेला वाचण्यात, तपासण्यात आणि बैठकांत जातो.

मुलीला साइटवरचं काम झेपेल का?

झेपतं. देशातल्या पहिल्या महिला इंजिनीअरांपैकी एक असलेल्या ए. ललिता १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या, त्याला ऐंशी वर्षं उलटून गेली. मी परांचीवर चढून स्लॅब बघितले आहेत आणि गरोदरपणात सातव्या महिन्यापर्यंत साइटवर गेले आहे. अडचण ताकदीची नसते. स्वच्छ संडास नसणं ही खरी अडचण. नोकरी घेताना मुलीने हे स्पष्ट विचारावं आणि आईवडिलांनी तिला तसं विचारायला शिकवावं.

डिप्लोमा करावा की बारावी करून डिग्री?

हाताने काम आवडत असेल आणि घरची लवकर कमावण्याची गरज असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा उत्तम. पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अभ्यासात गणित-भौतिकशास्त्र पक्कं असेल तर बारावी, मग सीईटी किंवा जेईई. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये दोन्ही वाटांनी आलेली मुलं एका बाकावर बसतात आणि डिप्लोमावाल्यांना ड्रॉइंग पटकन वाचता येतं. महापालिकेतली शिडीही लक्षात ठेवा: कनिष्ठ, दुय्यम, सहायक, मग कार्यकारी अभियंता.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन का असतो?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा तो जन्मदिवस. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून सुरू झाली. खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. महाराष्ट्राचा त्यांच्यावर तेवढा हक्क आहे.

मुलाला हे काम प्रत्यक्ष कुठे दाखवता येईल?

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय सुट्टीत बघून या. पण त्याआधी एखाद्या मेगाब्लॉकच्या रविवारी दादर किंवा कुर्ल्याच्या पादचारी पुलावर अर्धा तास उभे राहा. नारिंगी जॅकेटवाले कोण, अर्थिंगचा दांडा कुणी लावला, वहीत नोंद कोण करतंय, झेंडा घेऊन लांब एकटा कोण उभा आहे, हे मुलाला शोधू द्या. आपल्या सोसायटीच्या लिफ्टचं सर्व्हिसिंग असेल तेव्हा परवानगी काढून त्याला गच्चीवरच्या मशीन रूममध्ये न्या. गल्लीत पाण्यासाठी खड्डा घेतला असेल तर तिथल्या अभियंत्याला "नमस्कार साहेब" म्हणून विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात. आणि घरी आल्यावर मुलाला विचारा की यातलं कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते त्याला कळणार नाही.